मोंढ्यातला लोखंडी घाट

सोमवार, ६ ऑक्टोबर. पहाटे दव पडलं होतं. थोड्या वेळानं आभाळ मोकळं झालं आणि ऊन चांगलंच चटकायला लागलं. परतूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, एका शेडमागे मी पालथा पडलो होतो. माझी चाकं वर, पाठ मातीत. शेजारी एक मोडका तराजू होता आणि छताच्या पंख्याची गंजलेली पाती होती. दुपारी भंगारवाला येणार, असं माझ्या कानावर आलं होतं.

तुम्ही मला ओळखलं नसेल. माझ्यासारखे जागोजागी नसतात. मी लोखंडाचा एक उतार आहे. कचऱ्याच्या मोठ्या कंटेनरला टेकून मी उभा राहतो. झाडणाऱ्या बाया एकचाकी गाडी भरून आणतात आणि माझ्या पाठीवरून ढकलत वर नेतात. माझ्या माथ्यावर एक आडवा पाइप आहे. त्याला चाक टेकलं की बाया दांडे उचलतात आणि गाडी कंटेनरमध्ये पालथी होते. एवढंच माझं काम. ज्यानं मला घडवलं तो मिथुन मला रॅम्प म्हणतो. मोंढ्यात मात्र सगळे मला 'घाट' म्हणतात. ते नाव कांताबाईंनी ठेवलं. पहिल्या दिवशी गाडी वर नेऊन त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं माय, घाट चढल्यावानी वाटलं. वरून सगळा मोंढा दिसून राह्यला!"

माझी हाडं जालन्याच्या भट्टीतली आहेत, पाठ एका जुन्या ट्रकच्या हौद्याच्या पत्र्याची. त्या ट्रकनं जन्मभर कापूस वाहिला. अजूनही उन्हात तापलो की मला सरकीचा वास येतो, असं मला वाटतं. इतर कुणाला येतो की नाही, माहीत नाही.

माझा जन्म एका खांद्यामुळे झाला. तो खांदा बेबीनंदाबाईंचा. त्या आणि कांताबाई मिळून मोंढा झाडतात. सोयाबीनचा भुसा, तुरीचं फोलपट, फाटके बारदाने, चहाचे कागदी कप, नारळाच्या शेंड्या, सगळं त्या दोघींच्या वाट्याला येतं. कंटेनर माणसापेक्षा उंच. घमेलं डोक्यावर उचलायचं, टाचा वर करायच्या आणि आत भिरकावायचं. वारा उलटा असला की निम्मा भुसा परत तोंडावर. हे करता करता बेबीनंदाबाईंचा उजवा खांदा धरला. डॉक्टरांनी सांगितलं, हात डोक्याच्या वर न्यायचा नाही.

मोंढ्याच्या साफसफाईचं काम सगळ्या आडत्यांच्या वतीनं काकासाहेब बघतात. ते स्वतः आडते आहेत. बोलायला फटकळ, पण माणसाला नावानं ओळखणारे. बेबीनंदाबाई त्यांच्या गादीसमोर जाऊन म्हणाल्या, "काका, दुसरी बाई बघा. माझा हात वर जाईना."

त्याच दिवशी मिथुन काकासाहेबांच्या दुकानाचं शटर दुरुस्त करायला आला होता. स्टेशन रोडला त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे. बेबीनंदाबाई त्याच्या सख्ख्या आत्या. आपली आत्या विटांच्या चळतीवर उभी राहून डाव्या हातानं घमेलं सरकवते आहे, हे त्यानं पाहिलं. खिशातून टेप काढून त्यानं कंटेनरची उंची मोजली. नंतरच्या रविवारी मी मोंढ्यात होतो.

पहिल्यांदा त्यानं माझ्या पाठीवर सळईचे तुकडे आडवे जोडले होते, अगदी या कडेपासून त्या कडेपर्यंत. बेबीनंदाबाईंनी भरलेली गाडी घातली आणि पहिल्याच सळईला चाक अडलं.

"आत्या, पाय घसरू नये म्हून लावल्यात," मिथुन म्हणाला.

"पाय कशाला घसरतोय रे? गाडी चढंना. दर सळईपाशी चाक म्हणतंय, थांब."

मिथुननं ग्राइंडर लावला आणि सगळ्या सळया कापून काढल्या. माझ्या पाठीवर वेल्डिंगचे बारीक खडे राहिले. तेवढ्यावर पाय बरे टिकत. चाकाला त्यांचा त्रास नव्हता. मग गाडी सरळ वर गेली. बेबीनंदाबाईंनी दांडे उचलले, हात छातीच्या वर न नेता. कंटेनरमध्ये भुसा धप्पकन पडला. त्या काम सोडून गेल्या नाहीत.

त्यानंतर मी माणसं पाहत राहिलो. दुपारी हमाल माझ्या सावलीत भाकरी खातात आणि घामानं भिजलेला सदरा माझ्यावर वाळत घालतात. शेळ्यांना माझं फार वेड. त्या माझ्यावरून तुरुतुरु वर जातात, कंटेनरमधला कोबीचा पाला खातात, आणि उतरताना घाबरून ओरडतात. चहा पिणारे लोक दूर उभं राहून कंटेनरमध्ये कप फेकतात. कप माझ्यावर पडतो. ते माझ्याकडे असं बघतात, जणू मीच मध्ये आलो. कंटेनर उचलायला गाडी आली की दोघी बाया मला बाजूला ढकलतात आणि गाडी गेली की परत जागेवर आणतात. माझं एक चाक कुरकुरतं. कांताबाई त्याला म्हणतात, "रडू नको, पोचलोच."

आता खंडेनवमीकडे येतो.

यंदा खंडेनवमी बुधवारी होती, दसरा गुरुवारी. बेबीनंदाबाई बुधवारी दुपारच्या रेल्वेनं संभाजीनगरला गेल्या होत्या. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लेण्यांवर जायचं, हा त्यांच्या घरचा नेम. निघताना कांताबाईंना म्हणाल्या, "उद्या मोंढा बंदच हाय. शुक्रवारी येते."

खंडेनवमीला आपल्या कामाची हत्यारं पुजतात. कांताबाई शेतकऱ्याच्या घरच्या. त्यांच्याकडे त्या दिवशी नांगराचा फाळ, विळा, खुरपं, कुऱ्हाड सगळं धुऊन पुसून पाटावर मांडतात आणि तेलाचा हात फिरवतात, लोखंड गंजू नये म्हणून. बुधवारी झाडून झाल्यावर कांताबाईंनी मला बादलीनं धुतलं. पदरानं पुसलं. सप्टेंबरच्या पावसानं मला ठिकठिकाणी गंज चढला होता. तो बघून त्या हळहळल्या. मग पिशवीतून करडीच्या तेलाची बाटली काढली आणि माझ्या पाठीवरून, खालपासून वरपर्यंत, तळहातानं तेल चोळलं. हळदकुंकू लावलं. झेंडूची माळ घातली.

"तुझ्यामुळं माझ्या बेबीचा हात वाचला," त्या मला म्हणाल्या. मला आजवर असं कुणी बोललं नव्हतं. मी त्या संध्याकाळी फार सुखात होतो, खोटं कशाला सांगू?

गुरुवारी मोंढा बंद. माझ्यावर कुणी पाय ठेवला नाही.

शुक्रवारी सकाळी बेबीनंदाबाई आल्या. कांताबाई मोंढ्याच्या दुसऱ्या टोकाला झाडत होत्या. माझ्या गळ्यातली माळ बघून बेबीनंदाबाईंनी लांबूनच हाक मारली, "कांते, घाटाचं लगीन लावलंस का काय?" आणि हसत हसत भरलेली गाडी वर चढवायला घेतली.

तेलावर दव पडलं होतं. अर्ध्यात त्यांचा पाय सटकला. मी धरून ठेवायचा प्रयत्न केला, पण मला हात नाहीत. त्या गुडघ्यावर पडल्या, गाडी कलंडली आणि सगळा भुसा त्यांच्या अंगावर आला. कोपर सोललं, गुडघा सुजला. खांदा मात्र वाचला.

लोक धावले. त्यांना उठवून काकासाहेबांच्या ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. इकडे कांताबाई माझ्याजवळ आल्या. त्यांनी राख आणली, माझ्यावर टाकली आणि खराट्यानं घासघासून तेल काढलं. काकासाहेब बघायला आले तेव्हा माझी पाठ कोरडी होती.

"हे हटवा, जल्दी!" काकासाहेब म्हणाले. "आज गुडघ्यावर निभावलं. उद्या कुणाची कंबर मोडली तर जिम्मेदार कोण? मिथुनचं काम कच्चं हाय."

"माझ्या भाच्याचं काम कच्चं न्हाई," बेबीनंदाबाई ओट्यावरून म्हणाल्या.

"मंग तुम्ही पडलात कशा?"

कशा पडल्या, ते कांताबाईंना ठाऊक होतं. त्या खराटा उचलून झाडायला गेल्या.

मला शेडमागे नेऊन पालथं टाकलं. तिथून कंटेनर दिसत नव्हता, आवाज मात्र येत होता. शनिवारी परत घमेल्याचा आवाज आला. मग बेबीनंदाबाईंचा, दात आवळून धरलेला. कांताबाई म्हणायच्या, "बेबे, तू खालून दे, मी टाकते." पण कचरा दोघींचा होता, आणि कांताबाईंचं वयही काही वीस नव्हतं. रविवारी बेबीनंदाबाई काकासाहेबांना सांगून आल्या, दिवाळीपर्यंतच येईन.

सोमवारी दुपारी भंगारवाला आला. काकासाहेब आले. बातमी कळून मिथुनही आला. त्यानं मला सरळ केलं, माझी पाठ चाचपली, सांधे ठोकून पाहिले.

"काका, एक टाका निघालेला न्हाई," तो म्हणाला.

"अरे, तू पोरगा चांगला हायेस. पण माणूस पडलं का न्हाई?"

भंगारवाल्यानं माझं एक टोक उचललं. तेवढ्यात कांताबाई खराटा हातात घेऊनच आल्या. मागून लंगडत बेबीनंदाबाई.

"त्याला नेऊ नका," कांताबाई म्हणाल्या. "तेल मी लावलं."

"कसलं तेल?"

"करडीचं. खंडेनवमीला. घरी फाळाला लावते, विळ्याला लावते. हेबी लोखंडच की. बेबी पडली तव्हा मी राख टाकून पुसून घेतलं. मिथुनची काही चूक न्हाई."

काकासाहेबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं. "कांताबाई, मीबी माझ्या तराजूच्या काट्याला तेल लावलंय. पण काट्यावर कुणी गाडी घेऊन चढतं का हो?"

"न्हाई," कांताबाई म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

बेबीनंदाबाई म्हणाल्या, "तरीच! पडले तव्हा करडीचा वास आल्ता. मला वाटलं, हाटेलात भजे तळून राह्यले."

भंगारवाला खो खो हसला. मिथुनही हसला. बेबीनंदाबाई हसल्या नाहीत. "तीन दिवस माझ्या भाच्याचं नाव खराब हून राह्यलं, अन् तू मिठाची गुळणी धरून बसलीस?"

"मला वाटलं, तू माझ्याशी बोलणारच न्हाईस."

"न्हाईच बोलणार. आज तर बिलकुल न्हाई. उद्याचं उद्या बघू."

काकासाहेब मात्र लगेच विरघळले नाहीत. ते म्हणाले, "तेलाचं कळलं. पण पावसाळ्यात चिखल हाय, दव हाय, कुणाच्या पिशवीतून काही सांडंल. पाय टिकला पाहिजे. बराबर हाय का न्हाई?"

बराबर होतं. मला ते पटलं.

मिथुन म्हणाला, "सळया लावल्या होत्या, काका. चाक अडायचं."

कांताबाईंनी डोळे पुसत समोर बोट दाखवलं. एक हमाल पोतं पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढत होता. फळीला पट्ट्या ठोकलेल्या होत्या. "त्याला चाक न्हाई," मिथुन म्हणाला.

"मंग चाकाची वाट सोड ना," बेबीनंदाबाई म्हणाल्या. "चाक मधून जातं. पाय दोन बाजूंनी पडत्यात. मधलं मोकळं ठेव."

मिथुननं माझ्या पाठीवर खडूनं दोन रेघा ओढल्या.

काकासाहेबांनी अट घातली. सळया लावायच्या, पण गुरुवारी तेल टाकून बघायचं. गाडी घेऊन ते स्वतः चढणार. पाय घसरला तर मी भंगारात. भंगारवाल्याला त्यांनी गुरुवारी परत बोलावलं.

वाट बघण्याच्या त्या दिवसांत मी एकच विचार केला. माझ्यावर जिनं तेल चोळलं तिचा राग मला कधीच आला नाही. कुणी मला हत्यार समजून पुजावं, असं मी काय मोठं केलं होतं? पण तुम्हाला एक विनंती आहे. ज्याच्यावर तुमची माणसं पाय देऊन चढतात, त्याला पाण्यानं धुवा, माळ घाला, चार शब्द बोला. तेल माझ्या चाकाच्या आसाला द्या. ते कुरकुरतंच आहे.

गुरुवार, ९ ऑक्टोबर. आभाळ निरभ्र, वारा पूर्वेकडून. सकाळीच मला कंटेनरला टेकवून उभं केलं. माझ्या पाठीवर दोन्ही बाजूंनी सळईचे तुकडे, मध्ये चाकापुरती मोकळी वाट. कांताबाईंनी बाटलीतलं उरलेलं तेल सगळीकडे ओतलं. बेबीनंदाबाईंनी बाटलीला आपलाही हात लावला.

गाडीत सोयाबीनचा भुसा भरला. काकासाहेबांनी विचारलं, "चपला काढू का?"

"आमी चपलांवरच चढतो, काका," बेबीनंदाबाई म्हणाल्या.

काकासाहेब चपलांसह चढले. चाक मधून गेलं. ते वरच्या पाइपापर्यंत पोचले, गाडी कंटेनरमध्ये रिकामी केली आणि उलट पावलांनी खाली आले. पाय घसरला नाही. भंगारवाला मोडका तराजू आणि पंख्याची पाती घेऊन गेला. दुसरी गाडी बेबीनंदाबाईंनी नेली. दिवाळी होऊन गेली आहे. त्या कामावर आहेत.