डोंगराचं उजवं शिखर

मी काळा पट्टा बोलतोय. काळा म्हणजे एके काळी काळा. आता माझ्या कडा विरल्यात आणि आतलं पांढरं सूत बाहेर आलंय. तुम्ही म्हणाल, जुना झाला, फेकून द्या. पण तायक्वांदोत शिकणारा पांढऱ्या पट्ट्यापासून सुरुवात करतो, घाम गाळत काळ्यापर्यंत येतो, आणि तरीही थांबला नाही तर तो काळाही झिजून परत पांढरा होतो. माझं म्हातारपण ही माझी कमाई आहे. तिचा अपमान झाला म्हणून आज बोलतोय, आणि गोड बोलणार नाही.

माझा जन्म सोलमधल्या एका अरुंद कारखान्यातला. एका टोकावर कोरियन अक्षरांत नाव विणलं गेलं, 'हनीफ'. हा हनीफ श्रीवर्धनचा. १९९२ साली अबुधाबीत एका कोरियन कंपनीच्या साइटवर स्टोअरकीपर होता. तिथले फोरमन चोई त्याला संध्याकाळी शिकवायचे. त्यांनीच मला मागवून त्याच्या कमरेला बांधलं.

त्या दिवशी चोईंनी वाळूत काठीने एक अक्षर काढलं. खाली आडवी रेघ, तिच्यावर तीन उभ्या, मधली उंच. "डोंगर," ते म्हणाले. मग त्या अक्षरावरून पावलं टाकत ठरलेल्या हालचालींचा एक क्रम करून दाखवला. त्याचं नाव कुमगांग, म्हणजे वज्र. पुढे जाऊन मागे यायचं, ते मधलं शिखर. मग डावं शिखर, मग उजवं. मध्येच एका पायावर, एक हात वर आणि एक खाली ठेवून, दगडासारखं थांबायचं. आणि शेवटी जिथून निघालो त्याच जागी परत यायचं.

"मारना ईझी," चोई म्हणाले. "खडा रहना डिफिकल्ट. नो शेक, हनीफ."

हे वाक्य मी त्याच्या पोटाशी राहून ऐकलंय. म्हणून त्याला सूट नाही.

पुढे चोई मायदेशी गेले. हनीफ दुबईला आला आणि चंद्रशेखर शेठच्या मसाल्यांच्या कंपनीत स्टोअरला लागला. व्हिसा शेठच्या कंपनीचा; तो थांबला की दुबई सुटली. संध्याकाळी ऊद मेथा भागातल्या एका भाड्याच्या हॉलमध्ये क्लास. तिथे तो जमिनीवर खडूने डोंगर काढायचा आणि मुलांना त्यावरून चालवायचा. शेठची मुलगी गिरिजा अकरा वर्षांची असताना आली. हट्टी, कमी बोलणारी. सतराव्या वर्षी ती थर्ड डॅनच्या, म्हणजे काळ्या पट्ट्याच्या तिसऱ्या पायरीच्या, परीक्षेला तयार झाली. त्या परीक्षेचा क्रम, कुमगांग.

त्याच सुमारास तिथल्या मराठी मंडळाचा गणेशोत्सव जवळ आला. शेठ क्लासला आले आणि खुर्ची ओढून बसले.

"हनीफभाई, आमच्या गिरिजाला स्टेजवर तीन मिनिटं मिळालीत. त्यात हे बगळ्यासारखं उभं राहणं कशाला? लोक वडे खायला उठून जातील!"

"शेठ, तोच तर डोंगर आहे."

"मग अर्धा डोंगर दाखवा ना. डावीकडचं झालं की खलास. उजवीकडे परत तेच तर आहे!"

हनीफ हसला. "ठीक आहे शेठ. स्टेजपुरतं."

या एका शब्दावर माझा राग आहे. स्टेजपुरतं! जणू पाय स्टेज आणि जमीन यांत फरक करतात. दोन महिने गिरिजाने घरी गाण्याची कॅसेट लावून अर्धा डोंगर घोटला. उत्सवात टाळ्या कडाडल्या. शेठनी व्हिडिओ काढून पाहुण्यांना दाखवला.

मग नोव्हेंबरात परीक्षा झाली, परीक्षक हनीफच. भिंतीला लागून पालक प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसले होते. गिरिजा खडूच्या खुणेवर उभी राहिली. पुढे, मागे, डावं शिखर. एका पायावर ती अशी थांबली की मलाही अभिमान वाटला. आणि मग ती वळली, वाकली, संपवलं. पायांनी सवयीचं केलं होतं. उजवं शिखर गायब. सुरुवातीच्या खुणेपासून दोन हात लांब, डाव्या बाजूला ती उभी होती.

खाली बघताच तिच्या लक्षात आलं.

"मस्त झालं!" शेठ टाळ्या पिटत उठले.

"शेठ, उजवी बाजू राहिली," हनीफ म्हणाला. "तीन महिन्यांनी परत बसू दे."

"तीन महिन्यांनी? अमेरिकेच्या कॉलेजचा फॉर्म डिसेंबरात जातो."

"पप्पा, आय मिस्ड अ होल साइड," गिरिजा म्हणाली.

"बेटा, कोणाला कळतंय?"

"सरांना कळतंय."

शेठ तिच्याकडे न बघता हनीफकडे वळले. आवाज मऊ. फक्त 'भाई' गळून पडला होता.

"हनीफ, तुझं व्हिसा रिन्युअल कधी आहे रे?"

"फेब्रुवारीत, शेठ."

"होऊन जाईल, इन्शाल्ला. यल्ला, चल, शिफारशीवर सही कर."

माझ्या गाठीखाली हनीफचा श्वास अडकला. बायको जुलेखा मागच्याच वर्षी इथे आली होती. मुलगी झारा नुकती शाळेत जायला लागली होती. मला हे सगळं माहीत आहे, मी काही दगड नाही. पण तीच ती वेळ होती ना, एका पायावर उभं राहायची? बाकी दिवस तर कोणीही उभं राहतं!

त्याने सही केली. शिफारस सोलच्या मुख्यालयात गेली, प्रमाणपत्र आलं, गिरिजा अमेरिकेला गेली. तिने निघताना सरांचा निरोपही घेतला नाही. शेठनी खूश होऊन हनीफला नवा पट्टा दिला. चकचकीत, त्यावर सोनेरी धाग्याने मसाल्याच्या कंपनीचं नाव! आणि हनीफने तो बांधला.

माझं काय झालं? गावी जायच्या वेळी जुलेखा म्हणाली, "अहो, बॅगेचं कुलूप तुटलंय. तो तुमचा जुना पट्टा द्या." मी श्रीवर्धनपर्यंत बॅग आवळत गेलो. परत आल्यावर त्याने मला वापरून किक मारायच्या पॅडचा गठ्ठा बांधला आणि हॉलच्या कपाटात टाकला. तीन वर्षं मी तिथे होतो. कपाटाच्या फटीतून मला तो खडू हातात घेताना दिसायचा. डोंगर काढणं त्याने बंद केलं होतं. नुसती सरळ रेघ ओढायचा.

परवा, डिसेंबरच्या सुट्टीत, गिरिजा आली. क्लास सुटला होता. चपला काढून ती थेट आत आली.

"सर, तुम्ही मला फेल का नाही केलंत?"

"पप्पांना विचार, बेटा."

"मी तुम्हाला विचारतेय. तिकडे सगळे मला थर्ड डॅन म्हणतात. दर वेळी मला ते दोन हातांचं अंतर दिसतं."

तिने कपाट उघडलं, मला ओळखलं आणि गठ्ठा सोडून मला त्याच्यासमोर धरलं.

"तो मसाल्याचा पट्टा काढा. हा बांधा. आणि बघा."

मग तिनेच खडू घेतला आणि गुडघ्यांवर बसून डोंगर काढला. तिन्ही शिखरं. हनीफने मला बांधायला घेतलं. मी मुद्दाम सैल राहिलो. त्याला गाठ दोनदा मारावी लागली.

गिरिजाने सुरुवात केली. पुढे, मागे, डावं शिखर. या वेळी ती उजवीकडे वळली. एका पायावर उभी राहिली. एक, दोन, तीन... पाय थरथरला आणि बोटं जमिनीला टेकली. तरी तिने क्रम पूर्ण केला, बरोबर खुणेवर येऊन थांबली आणि वर बघितलं.

माझ्या गाठीखाली तोच श्वास पुन्हा अडकला.

"पाय टेकला," हनीफ म्हणाला. "नापास."

गिरिजा कमरेतून पूर्ण वाकली. "थँक यू, सर," म्हणाली आणि परत खुणेवर जाऊन उभी राहिली.

हनीफ, म्हणून मी तुला माफ केलंय असं समजू नकोस. एकट्या हॉलमध्ये, शेठ समोर नसताना नापास म्हणणं सोपं आहे. पण फेब्रुवारी परत येतोय. शेठ परत गोड आवाजात तारीख विचारतील आणि कोणासाठी तरी तुझी सही मागतील. त्या दिवशी तो सोनेरी पट्टा घरी ठेव. मला बांध. मी या वेळी सैल राहणार नाही, पण उभं तुलाच राहायचंय.