बिबट्याला पुरून उरलेला पट्टा

मित्रांनो, नाक मुरडू नका. मी कुत्र्याच्या गळ्यातला जुना पट्टा आहे. ओतूरच्या बाजारात एका कारागिराने जाड चामड्यात खिळे ठोकून मला बनवले. आमच्याकडे उसात बिबटे राहतात आणि कुत्र्याची मानच आधी धरतात. एकदा बिबट्याने आमच्या बाशाची मान धरली, तोंडात खिळे घुसले आणि तो पळाला. आमच्या मालकीणबाई चिमाबाईंनी मला हळदकुंकू वाहिले. तेव्हा मला फार बरे वाटले.

पण त्या कौतुकानेच घोटाळा केला. बाशा म्हातारा होऊन गेला, नवे पिल्लू आले. चिमाबाईंची सून इंद्रायणी म्हणाली, लस देऊ. सासूबाई म्हणाल्या, "सुई टोचली की कुत्रं थंड पडतं. मग बिबट्यावर कोण भुंकंल? पट्टा हाय ना आपला."

पिल्लाला रक्ताची हगवण लागली, लसीने टळली असती अशी. माझ्या मापाचे होण्याआधीच ते गेले. आता तुम्हीच सांगा, हगवणीला मी खिळे कुठे टोचणार? मला फार रडू आले, पण खुंटीवरच्याचे कोण ऐकतो.

यंदा भुऱ्या नावाचे पिल्लू आले आणि पुन्हा तेच पुराण. मला हात असते तर कपाळावर मारून घेतले असते. या वेळी मात्र इंद्रायणी गप्प बसली नाही.

"आत्या, गाईला दरसाल लाळ-खुरकतीची लस देतो. ती थंड पडली का? काल लाथ मारून दुधाची बादली कुणी सांडली?"

चिमाबाई आपली सुजलेली पोटरी चोळत म्हणाल्या, "दे बाई. पण भुंकला न्हाई, तर त्याच्या जागी तुला दारात बांधीन."

गाय तपासायला येणाऱ्या डॉक्टर मोहिनी बर्फाच्या डब्यातून लस घेऊन आल्या. "आज जरा सुस्तावेल, घाबरू नका. पुढचा डोस मात्र चुकवू नका," म्हणाल्या.

भुऱ्या संध्याकाळभर झोपला. "पडला बघ थंड," असे चिमाबाई येता-जाता सुनेला ऐकवत होत्या. मीही खुंटीवरून त्याचे श्वास मोजत होतो.

सकाळी त्या दूध घेऊन आल्या, तर भुऱ्या त्यांच्यावरच भुंकला. "मेल्या, माझ्यावरच व्हय?" म्हणत त्यांनी त्याला पोटाशी धरले. मग मला खाली काढून तेल चोळले आणि त्याच्या गळ्याशी धरून पाहिले. माझ्यात त्याच्या दोन माना मावल्या असत्या. मला परत अडकवत त्यांनी विचारले, "इंद्रायणे, पुढचा डोस कवा हाय गं?"

मित्रांनो, बिबट्याचे मी बघतो. आजाराचे डॉक्टरांना बघू द्या. पुन्हा एका पिल्लाची वाट बघत रिकामे लोंबकळण्याची माझ्यात ताकद नाही.