ताईचं वजन कोण विचारणार?

ट्रकवाले तिला काटाबाई म्हणायचे. अर्थात पाठीमागे, तोंडावर म्हणायची कुणाची छाती होती? गोदीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या वजनकाट्याच्या काचेच्या खोलीत ती बसायची. खाली लोखंडी पाट, पाटावर ट्रक आणि तिच्यासमोर लाल आकडा. "बाई, गाडी हलकीच आहे, जाऊ द्या की," असं कुणी लाडात येऊन म्हटलं की ती चष्म्यावरून बघायची आणि म्हणायची, "हलकी आहे ना? मग घाबरता कशाला? चढवा." चढवल्यावर ड्रायव्हरचं तोंड बघण्यासारखं व्हायचं.

तर अशा या बाईने पन्नाशी उलटल्यावर एक आठवड्याची रजा टाकली आणि घरात जाहीर केलं, की मी छोट्याकडे जाऊन पाण्यावर पतंग शिकणार.

नवऱ्याला चहाचा ठसका लागला. लेक म्हणाली, "आई, त्यापेक्षा तू किनाऱ्यावर छान बस ना. मामाला सांगते, तो खुर्ची देईल."

खुर्ची! तिला त्या खुर्चीचाच वीट आला होता. हल्ली ती जाईल तिथे मागून खुर्ची यायची. दुकानात गेली, खुर्ची. कुणाच्या घरी गेली, दार उघडायच्या आत खुर्ची. ग्रुप फोटोला सगळे उभे, ही मधे खुर्चीवर. लोक प्रेमानेच द्यायचे, नाही कोण म्हणतंय? पण ज्याला उभं राहावंसं वाटतंय त्याला उठसूट बसवलं तर त्याला काय वाटत असेल, हे बसवणाऱ्याच्या डोक्यात कधी येत नाही. तिला एकदाच, फक्त एकदाच, पाण्यावर उभं राहून बघायचं होतं. तिने बॅग भरली आणि निघाली.

छोट्या म्हणजे तिचा धाकटा भाऊ. चाळिशी ओलांडली, कपाळ मागे सरकलं, तरी छोट्याच. त्याला सायकल तिने शिकवली होती, पाढे तिने पाठ करून घेतले होते, आणि एकदा शेजाऱ्याची काच फोडल्यावर त्याचा कान धरून माफी मागायलाही तिनेच नेलं होतं. आता त्याची उथळ समुद्राच्या काठी पतंगाची शाळा होती. एक लाकडी शेड, ओल्या कपड्यांची दोरी आणि भिंतीला टेकवलेल्या फळ्या, एवढाच पसारा. इथला पतंग म्हणजे पोरांचा कागदी पतंग नव्हे बरं का. खोलीएवढा कापडी पतंग, कडेला हवा भरलेला, लांब दोऱ्यांनी आपल्या कमरेच्या पट्ट्याला जोडलेला, हातातल्या आडव्या दांडीने हाकायचा. वारा त्याला ओढतो, तो आपल्याला ओढतो आणि पायाखाली फळी असली की माणूस पाण्यावरून पळतो. मात्र पतंग केवढा घ्यायचा हे दोनच गोष्टींवर ठरतं, वारा किती आणि माणसाचं वजन किती. जड माणसाला लहान पतंग दिला तर तो आयुष्यभर पाण्यातच बसेल. हलक्याला मोठा दिला तर शोधायला माणसं पाठवावी लागतील.

सोमवारी सकाळी छोट्याने शिकायला आलेल्या सगळ्यांना शेडसमोर रांगेत उभं केलं आणि एकेकाला खणखणीत आवाजात विचारत गेला, "तुमचं वजन?"

"बावन्न," गणिताच्या मास्तरीणबाई म्हणाल्या.

"अडुसष्ट," एक दंतवैद्य होते, ते पोट आत घेऊन म्हणाले.

ताई रांगेत शेवटची. वर्षानुवर्षं दुसऱ्यांची वजनं केली, पण चारचौघांत स्वतःचा आकडा सांगायची पाळी कधी आली नव्हती. ती घसा साफ करून तयार राहिली. छोट्या तिच्यापाशी आला, तिच्याकडे बघितलं, मग वाळूकडे बघितलं आणि म्हणाला, "तू... तू चल ताई. तुझं मी बघतो."

ताईचा जीव भांड्यात पडला. खरं सांगायचं तर तेव्हा तिला भावाचं कौतुकच वाटलं. किती समजूतदार झालाय माझा छोट्या!

मंगळवारी मास्तरीणबाई पाण्यावर उभ्या राहिल्या. बुधवारी सकाळी दंतवैद्य उभे राहिले आणि "आलं! आलं!" असे ओरडले, की जणू दातच निघाला कुणाचा. ताई मात्र जिथल्या तिथे. सांगितलेलं सगळं ती मन लावून करायची. कंबरभर पाण्यात बसायचं, फळीत पाय अडकवायचे, दांडी धरून पतंग डोक्यावरून झपकन खाली आणायचा. पतंग खाली यायचा, पट्ट्याला हिसका बसायचा, ताई इंचभर उठायची आणि बुडकन परत बसायची. नाकात पाणी, कानात पाणी, चष्मा बॅगेत ठेवलेला म्हणून तेवढा वाचला.

"अहो ताई, सोपं आहे," दंतवैद्य शेजारून जाता जाता म्हणाले. आदल्या दिवशीपर्यंत स्वतः गटांगळ्या खात होते, पण माणसाला एकदा जमलं की लगेच शिकवायची खाज सुटते. "फक्त वाऱ्याचं ऐकायचं."

"मी नवऱ्याचं ऐकलं नाही अजून, वाऱ्याचं काय घेऊन बसलात?" ताई म्हणाली. सगळे हसले, तीही हसली, पण आतून ती रडकुंडीला आली होती. हात दुखत होते त्याचं काही नाही. आपल्याला हे जमणारच नाही, घरचे बरोबर बोलत होते, हे मनात घर करायला लागलं होतं आणि त्याने ती खचत चालली होती.

गुरुवारी दुपारी छोट्या तिच्याजवळ येऊन बसला. टॉवेल दिला. बराच वेळ वाळूत बोटाने रेघा ओढल्या. मग अगदी हळू, आजारी माणसाशी बोलतात तसा म्हणाला, "ताई, सगळ्यांनाच हे येतं असं नाही गं. त्यात काही कमीपणा नाही. उद्यापासून तू आरामात बस. मी तुझ्यासाठी..."

"खुर्ची?"

"सावलीत लावतो."

ताई उठली आणि आपला पतंग गुंडाळायला लागली. हात कामाला लावले नसते तर डोळ्यांतून पाणी आलं असतं आणि धाकट्या भावासमोर रडायची तिला सवय नव्हती. कापडाची घडी घालताना टोकाला छापलेला ठळक आकडा वर आला. नऊ.

शेजारी दंतवैद्यांचा पतंग पसरलेला होता. त्यांचा निळा, हिचा केशरी, म्हणून इतके दिवस लक्षात आलं नव्हतं. तिने पाण्याने अंधुक झालेले डोळे पुसले आणि वाकून त्याचंही टोक उलटं केलं. तिथेही नऊ.

काटाबाई जागी झाली. अडुसष्टची गाडी आणि आपली गाडी, दोन्हींना इंजिन एकच? ती चष्मा शोधून तडक शेडमध्ये गेली. आतल्या भिंतीवर छोट्याने नवशिक्यांसाठी तक्ता लावला होता. एका बाजूला वारा, दुसऱ्या बाजूला वजन, मधल्या चौकोनांत पतंगाचा आकार, चौरस मीटरमध्ये. रोज त्याच्याखाली उभं राहून ती पट्टा बांधायची, पण चष्म्याशिवाय तिला तो नुसता रंगीत कागद दिसायचा. आजच्या वाऱ्याच्या ओळीवर तिने बोट ठेवलं. साठ किलोला आठ. सत्तरला नऊ. ऐंशीला दहा. नव्वदला बारा. आणि पुढे? पुढे भिंत. तक्ता नव्वदलाच संपला होता.

पहिल्यांदा तिला लाज वाटली. आपण तक्त्यातही मावत नाही! मग दुसऱ्या क्षणी तिच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की विचारू नका. चार दिवस! चार दिवस ती स्वतःला नालायक समजत होती आणि चूक एका आकड्याची होती.

"छोट्या!"

हाक अशी होती की मास्तरीणबाईंच्या हातातून फळी पडली. छोट्या धावत आला.

"मला किती वजनाची धरलीस?"

"अगं, तसं काही..."

"आकडा सांग."

"सत्तर," छोट्या पुटपुटला.

"सत्तर!" ताईने कपाळाला हात लावला. "अरे, सत्तरची मी कॉलेजात होते! तुझे डोळे फुटले होते का?"

"डोळ्यांना दिसत होतं गं." छोट्याचे कान लाल झाले. "पण जीभ रेटेना. सगळ्यांसमोर तुला कसं विचारायचं? कुणी हसलं असतं तर मला सहन झालं नसतं."

म्हणजे भावाने तिच्यावर माया केली होती आणि त्या मायेत ती चार दिवस बुडत होती. आणि तिने तरी काय केलं होतं? सोमवारी रांगेत तो पुढे निघून गेला तेव्हा सुटकेचा श्वास कुणी सोडला? काट्याला चुकवून आडरस्त्याने पळणारे ट्रकवाले तिला आठवले आणि ती स्वतःवरच मनापासून चिडली.

"चल बाहेर," ती म्हणाली. "सगळ्यांना बोलाव. सोमवारसारखं उभं कर आणि मला विचार."

"ताई, अगं कशाला..."

"विचार म्हणते ना!"

पुन्हा रांग लागली. कुणाला काही कळेना, पण ताईचा चेहरा बघून नाही म्हणायची हिंमतही होईना. छोट्या तिच्यासमोर उभा राहिला. पाढा विसरलेल्या पोरासारखा तो पुटपुटला.

"तुझं वजन?"

"मोठ्याने."

"तुझं वजन किती, ताई?"

"एकशे चार," ताई म्हणाली. खणखणीत, काट्यावर आकडा वाचून दाखवायची तशी. "सकाळच्या चहाआधी."

कुणी हसलं नाही. दंतवैद्य जरा वेळ बोटांवर काहीतरी मोजत राहिले आणि मग ओशाळून म्हणाले, "मग माझंही लिहून घ्या. शहात्तर आहे." मास्तरीणबाई फिसकन हसल्या, आणि मग मात्र सगळेच हसले.

छोट्या डोकं खाजवत होता. "एकशे चार... या वाऱ्याला चौदाचा लागेल. एकच आहे, माझा, वारा पडलेला असतो त्या दिवसांसाठी ठेवलेला. पण ताई, फार ओढतो गं तो. तुला उडवून नेईल."

"मला?" ताईने खाली स्वतःकडे बघितलं आणि मग त्याच्याकडे. "तुझ्या तोंडात साखर पडो. आण."

चौदाचा पतंग आला. फुगवला तेव्हा शेडची सावली त्याच्यापुढे लहान वाटायला लागली. फळीही छोट्याने बदलली, लांबरुंद, दाराच्या फळीएवढी, आणि म्हणाला की जड माणसाला तीही मोठीच लागते. हे तो आज सांगत होता!

ताई कंबरभर पाण्यात बसली. छोट्याने मागून तिचा पट्टा दोन्ही हातांनी घट्ट धरला. पतंग डोक्यावर स्थिर झाला. वारा एकसारखा होता.

"हळू आण खाली... अजून... आता!"

आजवरचा हिसका म्हणजे कुणी बाही धरून ओढावं तसा होता. आज कुणीतरी हात धरून "ऊठ" म्हणालं. पायाखालची फळी पाण्यावर आली, गुडघे सरळ झाले. मागे काहीतरी धपकन पडलं. तो छोट्या होता, पट्टा हातातून निसटल्यावर तोंडावर आपटलेला. ताईला मागे बघायला फुरसत नव्हती. ती उभी होती. पाण्यावर! ती पडायची वाट बघत होती आणि पडतच नव्हती. फळी तडतडत पुढे चालली होती, तोंडावर तुषार उडत होते आणि ताई मोठमोठ्याने हसत होती, कारण दुसरं काय करायचं हे तिला सुचेना. इतका आनंद तिला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

शेड मागे पडली. कपड्यांची दोरी मागे पडली. काठावरून छोट्या हात हलवत धावत होता, काहीतरी ओरडत होता, पण वाऱ्यात शब्द येत नव्हते. मग काठही अनोळखी झाला आणि तिच्या लक्षात आलं, की आता परतायला हवं. थांबायचं कसं ते ठाऊक होतं. दांडी सोडली की पतंग ढिला पडतो, हे छोट्याने पहिल्याच दिवशी सगळ्यांकडून घोटून घेतलं होतं. पण वळायचं कसं? तिने डोक्याला ताण दिला. काही केल्या आठवेना. आणि आठवणार कुठून?

तिने दांडी सोडली. पतंग ढेपाळला, ती उथळ पाण्यात बसली, पतंग काठाला ओढून वाळूत उलटा घातला आणि फळी काखेत मारून उभी राहिली. बऱ्याच वेळाने छोट्या पोचला. धापा टाकत होता, नाकाला वाळू लागलेली होती, हसतही होता आणि डोळेही पुसत होता.

"वळली का नाहीस गं? मी किती ओरडत होतो, वळ, वळ!"

"कशी वळू?"

"अगं, काल नाही का दाखवलं सगळ्यांना?" छोट्या म्हणाला.

"बाकीच्यांना काल शिकवलंस," ताई म्हणाली. "मी पलीकडे पाण्यात बसले होते. मला हाक नाही मारलीस."

छोट्याने मान खाली घातली. "मला वाटलं नव्हतं ताई, तू इतकी लांब जाशील."

"ते कळलं मला."

"दे ती फळी, मी घेतो. दमली असशील."

"राहू दे." तिने फळी दिली नाही. तिला त्याचा राग आला होता आणि तो तिचा लाडका होता, दोन्ही एकदम, आणि त्यातलं काहीच तिने लपवलं नाही. पाय वाळूत घट्ट रोवून ती त्याच्यासमोर उभी राहिली. "आधी वळायचं सांग. इथेच. आणि छोट्या, अर्धवट नको. मला जमणार आहे असं धरून सांग."