गॅरेजमधला बिअरचा फ्रीज

शनिवारी दुपारी बाबांनी स्वयंपाकघरातून तांदळाच्या पिठीचा डबा उचलला आणि गॅरेजमध्ये नेला. गणपती नुकतेच होऊन गेले होते, मोदकांतून उरलेली पिठी होती ती. आईच्या लक्षात येईपर्यंत त्यांनी निम्मी पिठी स्पिरिटमध्ये कालवूनही टाकली होती.

"अहो, खायची पिठी आहे ती!" आई दारातून म्हणाली.

"फ्रीजच खातोय," बाबा म्हणाले.

फ्रीज आमचाच जुना. मिशिगनमधल्या नोव्हायच्या या घरात आम्ही राहायला आलो तेव्हा घेतलेला आणि नवा आल्यावर गॅरेजमध्ये ढकललेला. बाबा एकतीस वर्षं गाड्यांच्या एसीवर काम करून रिटायर झाले होते, आणि चालू मशीन टाकून देणं त्यांना पटत नसे. आता त्याचा बिअरचा फ्रीज करायचा होता. आत बिअरचं पिंप, दारात नळ, आणि बिअर वर ढकलणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर बाहेर, कारण आत दोन्ही मावत नव्हते. सिलिंडरची नळी आत न्यायला डाव्या बाजूला भोक पाडायचं होतं.

दाराला भोक पाडायला काही वाटत नाही, दारात नुसता फोम असतो. बाजूच्या पत्र्यामागे मात्र फ्रीजची स्वतःची गरम नळी नागमोडी फिरलेली असते. तिला ड्रिल लागलं की आतला गॅस उडून जातो आणि फ्रीज कायमचा मरतो. म्हणून ही पिठी. पत्र्यावर पातळ थर फासायचा. नळी जिथून जाते तिथला पत्रा गरम असतो, आणि तेवढाच पट्टा आधी वाळून पांढरा दिसतो. दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत भोक पाडायचं.

"स्वानंदी, टॉर्च जरा वर."

मी टॉर्च वर केला. मी एक्केचाळीस वर्षांची आहे आणि डेंटिस्ट आहे. आठवड्यातले पाच दिवस मी जिवंत माणसांच्या तोंडात ड्रिल चालवते. बाबांच्या गॅरेजमध्ये मात्र वयाच्या नवव्या वर्षापासून माझ्याकडे टॉर्चच होता.

फ्रीज सकाळपासून बंद होता. कप्पे काढून बाबांनी तो पुसला होता, आणि प्लग लावून दहाच मिनिटांत पिठी फासली होती. वरच्या भागात दोन पांढरे पट्टे लगेच उमटले. खाली काही नाही. पिठी सगळीकडे सारखी, संथपणे वाळत गेली.

"खाली नळीच नाही," बाबा खुशीत म्हणाले आणि त्यांनी पेन्सिलीने तिथे एक गोल काढला.

मला वाटलं, इतक्या लवकर कसं कळेल? भुलीचं इंजेक्शन दिल्यावर आम्हीसुद्धा थांबतो. नळी वरून तापत खाली येत असेल, तर खालचा भाग अजून थंडच असणार. हे मी बोलले नाही. एसीवर एकतीस वर्षं काढलेला माणूस समोर होता.

ड्रिलची बॅटरी उतरली होती. बाबांनी ती चार्जिंगला लावली. "उद्या सकाळी दहा मिनिटांचं काम. पिंप थँक्सगिव्हिंगला आणू. सिद्धेश येतोय. पहिला ग्लास त्याचा, दुसरा नरेंद्रचा."

एक ग्लास माझ्या भावाचा, एक त्यांच्या मित्राचा. आणि माझा? हे शब्द अगदी जिभेवर होते.

"डबा आत नेऊन ठेवू का?" मी विचारलं.

"ठेव. आणि आईला सांग, पिठी थोडीच लागली."

रविवारी सकाळी बाबा फिरायला निघाले होते. आईने आधी डॉक्टरांचा नंबर शोधला, मग अ‍ॅम्ब्युलन्ससाठी नाइन-वन-वनला फोन लावला, मग मला. मी पोचले तेव्हा ते गेले होते, आणि त्यांच्या एकाच पायात बूट होता.

आमच्याकडच्या पार्ट्यांमध्ये बिअर बेसमेंटमध्ये असायची. कोणी तसा नियम केला नव्हता. काका लोक आले की खाली जात, काकू आणि मावश्या वर बसत, आणि मी खारे दाणे नि तळलेल्या पापडांच्या प्लेट घेऊन जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत जायची. तिथून कोणीतरी "थँक यू बेटा" म्हणून प्लेट घ्यायचं. सिद्धेश माझा धाकटा भाऊ. तो एकवीस वर्षांचा, म्हणजे इथल्या कायद्याने प्यायच्या वयाचा झाला त्या दिवशी बाबांनी त्याला खाली नेलं, त्याचा ग्लास स्वतः भरला आणि फोटो काढला. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. तो फोटो मीच फ्रेम करून दिला.

त्याच वर्षी बाबा अ‍ॅन आर्बरला, मी शिकत होते तिथे, माझ्या अपार्टमेंटवर आले होते. चहा करायला त्यांनी फ्रीज उघडला. दारात बिअरच्या चार बाटल्या होत्या. ते क्षणभर थांबले, दार हळूच लावलं आणि म्हणाले, "दूध संपलंय तुझं." मग स्वतः जाऊन दूध घेऊन आले. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही आणि मीही नाही.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला आई म्हणाली, "शनिवारी माणूस येतोय फ्रीज न्यायला. बर्फ पडायच्या आत गाडी गॅरेजमध्ये घ्यायची आहे मला."

"दोन आठवडे थांब. मी पुरा करते."

"तुला येणारे का ते?"

"आई, मी रोज ड्रिल चालवते."

"दातात!"

"दात बिघडला तर दुसरा उगवत नाही. हा तर फ्रीज आहे."

आईने त्या माणसाला फोन करून तूर्त येऊ नको म्हणून सांगितलं. रात्री कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलहून सिद्धेशचा फोन आला. "ताई, लेट इट गो यार. रेडीमेड मिळतात. मी ऑर्डर करतो."

"नको."

"अगं, पण बाबांचं ते अर्धवट प्रोजेक्ट बघून आईला त्रास होतो."

"म्हणूनच पुरं करते आहे. तू थँक्सगिव्हिंगला ये, बाकी माझ्यावर सोड."

"बाबांसारखीच बोलतेस तू," तो म्हणाला. त्याला ती तक्रार वाटत होती.

पुढच्या रविवारी सकाळी मी गॅरेजमध्ये गेले. चार्जरवर हिरवा दिवा जळत होता. बाबांनी लावलेली बॅटरी सात आठवडे तिथेच होती. दाराचं भोक आधी घेतलं. बाहेरून अर्धं, मग आतून अर्धं, म्हणजे प्लास्टिक तडकत नाही. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, पण टॉर्च धरणाऱ्याला सगळं दिसतं. नळाचा दांडा त्यात घट्ट बसला. दुसऱ्याच प्रयत्नात नळ सरळ उभा राहिला तेव्हा मी मोठ्याने "वा!" म्हटलं. गॅरेजमध्ये कोणी नव्हतं.

मग डावी बाजू. वाळलेल्या पिठीचे पापुद्रे अजून चिकटलेले होते, आणि त्यांच्यावर बाबांचा पेन्सिलीचा गोल. ड्रिल टेकवायचं एवढंच काम होतं. बाबांनी जागा ठरवून दिली होती, ती मोडायची म्हणजे त्यांच्या पाठीमागे त्यांना उलट बोलण्यासारखं. मी ड्रिल हातात घेऊन बराच वेळ उभी राहिले. कोणी पेशंट दुसऱ्या डॉक्टरची खूण घेऊन आला असता, तर मी काय केलं असतं? स्वतःचा एक्स-रे काढल्याशिवाय त्या दाताला हात लावला नसता.

मी ड्रिल खाली ठेवलं. फ्रीज चालू केला आणि घरात जाऊन आईबरोबर पोहे खाल्ले, भांडी घासली, पेपर वाचला. तीन तासांनी पिठीचा डबा मागितला.

"परत?" आई म्हणाली.

"बाबांनी घाई केली होती, आई."

आईने माझ्याकडे पाहिलं. मग फळीवरून डबा काढला, आणि माझ्यामागून तीसुद्धा गॅरेजमध्ये आली.

मी थर फासला, गोलाची रेघ तेवढी उघडी ठेवून. वरचे दोन पट्टे एका मिनिटात उमटले. आम्ही बघत राहिलो. मग खाली, आधी एका टोकाला आणि मग पुढे सरकत, तिसरा पट्टा पांढरा होत गेला. तो बाबांच्या गोलाच्या बरोबर मधून गेला.

"म्हणजे त्यांनी पाडलं असतं तर?" आईने विचारलं.

"फ्रीज मेला असता."

"आणि मग महिनाभर त्या फ्रीजवाल्या कंपनीला शिव्या दिल्या असत्या," आई म्हणाली, आणि सप्टेंबरनंतर पहिल्यांदा तिला हसू आलं. ते मध्येच तुटलं. तिने पदराऐवजी स्वेटरच्या बाहीने डोळे पुसले. "टॉर्च धरू का?"

मी तिच्या हातात टॉर्च दिला. पट्ट्याच्या चार बोटं वर नवी खूण केली आणि भोक पाडलं. पत्रा, मग पिवळा फोम, मग आतलं प्लास्टिक. फ्रीज गुरगुरत राहिला. बाबांचा गोल मी पुसला नाही.

थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी दुपारी नरेंद्रकाका आले. बाबांचे कॉलेजपासूनचे मित्र, त्यांना नुसतं 'दिगंबर' म्हणणारे, बेसमेंटमधले सगळ्यात जुने मेंबर. सिद्धेश आणि मी पिंप उचलून आत ठेवलं, मी नळ्या जोडल्या आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी सोडून पाहिलं. कुठेही बुडबुडा नाही.

"अगं, हे तू केलंस?" काका वाकून बघत म्हणाले. "दिगंबरने निदान ड्रॉइंग तरी ठेवलं होतं ना?"

"एक खूण ठेवली होती, काका. ती चुकली होती."

"दिगंबरची?" काकांना ते अजिबात पटलं नाही. सिद्धेश हसायला लागला.

पहिला ग्लास सगळा फेसच आला. तो मी ओतून दिला आणि दाब कमी केला. दुसरा स्वच्छ आला, सोनेरी, वर दोन बोटं फेस. मी वळले. सिद्धेशने सवयीने हात पुढे केला होता, नरेंद्रकाकांनीही. आई दाण्यांची प्लेट घेऊन घराच्या दारातल्या पायरीवर थांबली होती, जिथे मी थांबायची.

"आई, खाली ये," मी म्हटलं.

"मी नाही हं पिणार."

"पिऊ नकोस. पण खाली ये."

ती आली. ग्लास माझ्याच हातात होता, आणि तिघंही तो मी कोणाला देते याची वाट बघत होते. मी फ्रीजच्या डाव्या बाजूकडे तोंड केलं, त्या पेन्सिलीच्या गोलाकडे.

"बाबा, तुम्ही घाई करत होतात आणि मला ते दिसत होतं. मी सांगायला हवं होतं." मी ग्लास त्या गोलाजवळ नेला. "आणि मलाही खाली यायचं होतं. एकवीस वर्षांची झाले तेव्हापासून. तुमच्या हातचा एक ग्लास मलाही हवा होता, बाबा."