कोऱ्या कागदावरचा पंच

पंचनाम्याच्या दुसऱ्या पानावर वरच्या ओळींमध्ये बोटभर अंतर आहे. खाली येताना ते कमी होत जातं. शेवटच्या चार ओळी एकमेकींवर चढल्या आहेत. अगदी शेवटची ओळ पंच धोंडू परबच्या सहीपाशी येऊन वर उचलली जाते आणि सही ओलांडून पलीकडे पुन्हा खाली उतरते.

"सही आधी, मजकूर नंतर," सरोजिनी वकीलबाई म्हणाल्या होत्या. "पण हे नुसतं मला दिसून उपयोग नाही. खालच्या कोर्टात त्याने शपथेवर सांगितलंय, झडती माझ्यासमोर झाली. आता हायकोर्टात त्यानेच खरं सांगितलं पाहिजे. मंगळवारी अपील बोर्डावर आहे."

रविवारी दुपारी शेवंती ती झेरॉक्स घेऊन करी रोडच्या चाळीत धोंडूच्या खोलीत गेली. तिचा नवरा दौलत गर्दच्या चाळीस पुड्या बाळगल्याबद्दल दहा वर्षांची शिक्षा भोगत होता. सहा झाली होती. गेल्या भेटीत त्याने तिला न ओळखता दोनदा 'आये' म्हणून हाक मारली होती.

धोंडू गिरणीत त्याच्याच खात्यातला, त्याच्याच गावचा. संप मोडल्यावर धोंडू कुणा गैरहजर कामगाराच्या बदली दिवसभराचं काम मिळेल या आशेने गिरणीच्या गेटवर उभा राहायचा. तिथे नाव पुकारलं नाही की पोलीस चौकीबाहेरच्या बाकावर जाऊन बसायचा. चौकीलाही माणूस लागायचा, पंच म्हणून. चहा मिळायचा, ओळख राहायची.

"वयनी, पुन्हा तोच कागद?" धोंडू म्हणाला. "इतकी वर्षं आणताय, आता त्याची आरती करूया काय?"

"भावजी, परवा अपील आहे."

त्याची बायको रखमा स्टोव्हपुढून बोलली, "आणि खोटी साक्ष दिली म्हणून ह्यांनाच आत घेतलं तर? तुझा आत आहे, आता माझाही जोडीला धाडतेस?"

"घेतील कदाचित. वकीलबाईंनी तसं सांगितलंय. मी लपवत नाही."

धोंडूने कोनाड्यातल्या रवळनाथाच्या तसबिरीकडे बोट केलं. "तिथे हात ठेवा. दौलतच्या खिशात काही नव्हतं, एवढं सांगा. मी येतो."

शेवंतीने तसबिरीकडे पाहिलं. हो म्हणायला एक क्षण पुरला असता. पकडला गेला त्या वर्षी दौलत सकाळी बाहेर पडायचा आणि संध्याकाळी तांदूळ घेऊन यायचा. कुठून, हे तिने कधी विचारलं नव्हतं.

"नाही सांगता येणार," ती म्हणाली. "मी नव्हते तिथे."

रखमाने स्टोव्ह बंद केला. "काय बाई आहेस! नवऱ्यासाठी एक शब्द जड झाला?"

"पण नव्हतेच ना मी."

तिने झेरॉक्सची घडी घातली आणि उठली.

"बसा," धोंडू म्हणाला. त्याने झेरॉक्स तिच्या हातातून घेऊन उलगडली.

"पंचनाम्यात दुपारचे दोन लिहिलेत. दोन वाजता मी गेटवर होतो. सकाळी सातपासून. चार वाजता टाइमकीपर म्हणाला, उद्या ये. मग चौकीवर गेलो. त्यांनी कोरा कागद पुढे केला, मी सही केली. तो दौलतचा होता हे दुसऱ्या दिवशी चाळीत कळलं."

"अहो!" रखमा म्हणाली.

"गप ऱ्हव. पुड्या होत्या की नव्हत्या, मला ठाऊक नाही, वयनी. मी पण नव्हतो तिथे. मंगळवारी कोर्टात येऊन एवढंच सांगणार."