पोटऱ्यांवरची पाच बोटं

लाटंबार्शे गावात भुतं उतरवणाऱ्या बाबली घाड्याच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. काल त्याने शाळकरी समीक्षाच्या लुळ्या पोटऱ्यांवर मंतरलेलं तेल बोटांनी ओढलं होतं. हिला धरणारं भूत उद्या स्वतःच्या हाताची खूण दाखवील, असं सांगितलं होतं. आज खरंच पाच-पाच बोटांचे फोड उठले होते.

लोक हात जोडत होते. समीक्षाची आई विनोदिनी मात्र सारखी उठबस करत होती. पोरीला पावसाळ्यात तीनदा सर्दी-ताप झाला. तिसऱ्या तापानंतर पायांना मुंग्या आल्या, मग पाय उचलेनात. आज हातातला पेलाही निसटला. भूत वर चढतंय, बाबली म्हणाला. डॉक्टरच्या सुईने ते खवळतं, सरकारी सुईने तर जास्तच.

शेजारचे निवृत्त शिक्षक गोकुळदास मास्तर पोरीजवळ उकिडवे बसले.

"बाय, कालच्यासारखं एका श्वासात मोज बघू."

काल घरी ती एकवीसपर्यंत गेली होती. आज नवालाच दम संपला.

मास्तरांनी तेलाची वाटी उचलून धुपाच्या निखाऱ्यांवर उपडी केली. काळा, झोंबरा धूर उठला. सगळे खोकत मागे सरले.

"सत्यवती, हो वास कसलो?"

गर्दीतल्या सत्यवतीचा जन्म काजू भाजण्यात गेलेला. "काजूच्या भट्टीचो. बियेच्या टरफलातलां तेल तां," ती म्हणाली आणि तिने आपली चट्टे पडलेली बोटं पुढे केली. "माझ्याय बोटांक असेच फोड येतत. माका मग किती भुतां लागली?"

रोज हाताळायची वस्तू. कुंकू कालवून देवापुढे ठेवली म्हणून कुणी ओळखली नव्हती. बाबलीची बोटं मात्र आधी खोबरेल चोळल्याने वाचली होती.

भूत धुरातून पळालं, असं बाबली खोकत म्हणाला.

"पळालं ना? मग आता इस्पितळात न्यायला हरकत नाही," मास्तर म्हणाले. तोवर विनोदिनीने पोरीला उचललंही होतं.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी समजावलं. सर्दीच्या विषाणूशी लढणारी शरीराची फौज क्वचित चुकून आपल्याच मज्जातंतूंवर तुटून पडते. आधी पाय जातात, मग हात, मग श्वास. औषध आहे, पण वेळेत यायला हवं.

तीन महिन्यांनी समीक्षा काठी टेकत शाळेत आली आणि एका श्वासात चौतीसपर्यंत मोजून हसली. तिला पोचवायला आलेले मास्तर मुलांकडे वळले.

"तापानंतर कुणाचे पाय लुळे पडले, तर कातडीवर बोटं शोधू नका. आकडा उतरायची वाटही बघू नका. मी एकवीस ऐकून एक दिवस थांबलो, ती माझी चूक. तुम्ही लगेच गाडी काढा."