वॅक्सिन, म्हणजे गाईचं

गुरांवर लंपीची साथ आली त्या साली मलकापूरच्या बाजूचे गोठे पालथे घालताना माझं डोकं कायम तापलेलं असायचं. मी जनावरांची डॉक्टर, पण निम्मी ताकद माणसांशी भांडण्यातच जायची.

धोंडुबाईंची तांबडी गाय अंगभर गाठी घेऊन पडली होती. ती काही हाती लागणार नव्हती, हे मलाही कळत होतं आणि त्यांनाही. माझा जीव अडकला होता तिच्या कालवडीत. तिला अजून लागण झाली नव्हती. पण धोंडुबाईंनी तिला माजघरात नेऊन बांधलं होतं, दाराला कडुलिंबाचा पाला लावला होता आणि घरातली फोडणीही बंद केली होती.

"देवी आल्याव सुई टोचत न्हाईत, डॉक्टरीणबाई. कोपंल ती."

"देवी नव्हे, रोग आहे हा," मी चिडूनच म्हणाले. "या लसीला वॅक्सिन का म्हणतात, ठाऊक आहे? लॅटिन भाषेत व्हॅक्का म्हणजे गाय. गाईच्या सडावरचे फोड ज्या गवळणींच्या हाताला उठायचे, त्यांना देवी येत नसत. त्यावरून माणसांची पहिली लस निघाली. नावच गाईचं आहे ते. तुम्हालाही लहानपणी टोचलं असेलच की."

धोंडुबाईंनी पदर सारून दंड पुढे केला. दोन गोल वण होते.

"मला टोचलं," त्या सावकाश म्हणाल्या. "टोचणारा आला तवा आयनं माझ्या धाकट्या भावाला, आण्णाला, कणगीमागं लपिवलं. एकुलता ल्योक. मी काय, पोरगी. मला केलं म्होरं. मागनं देवी आली आनि आण्णाला घिऊन गेली. समदी म्हनायची, देवीला पोरगाच आवडला."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मला फार वाईट वाटलं.

"म्हंजी गाईनं राखलं व्हय मला?"

"हो, आजी."

त्या माजघराच्या दाराकडे बघत राहिल्या. "आयचा लई जीव हुता त्येच्याव," त्या म्हणाल्या. "म्हनून तर लपिवला."

मग आत जाऊन त्यांनी दावं सोडलं, कालवडीला अंगणात आणलं आणि तिची मान पोटाशी घट्ट धरली.

"टोच, पोरी."

मी सुई घातली. धोंडुबाईंचे डोळे वाहत होते आणि कालवडीच्या कानाशी त्या हळू म्हणत होत्या, "हलू नगंस रं आण्णा, हलू नगंस."